गाडीला वाटत होतं, अजून सकाळच आहे

मामांच्या गाडीचे ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून मी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. चारही काळे. तव्याच्या बुडाला असते तशी कोरडी, मऊ काजळी. बोट टेकवलं की बोटाला. ऑइलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, ओढून हुंगली, तर इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास.

गाडी म्हणजे पेट्रोलवरची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पुढे जांबोटीच्या बाजूला मामांची काजूची बाग आहे, आणि पावसाळ्यात तिथल्या लाल चिखलात दुसरी गाडी चालत नाही. "पेट्रोल पितीया नुसती," मामा म्हणाले. लिटरला दहा देणारी गाडी सहावर आली होती आणि चढाला मागे काळा धूर सोडत होती. एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलून झाला होता. धूर होता तसाच.

मेकॅनिक याला 'गाडी रिच चालते' म्हणतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एका लिटरला नऊ-दहा हजार लिटर हवा. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, की चुलीत ओली-सुकी लाकडं कोंबल्यावर होतं तेच होतं: अर्धवट जळणारा कार्बन काजळी होऊन बसतो. सोबत कार्बन मोनॉक्साइडही वाढतो, आणि तो दिसत नाही की वासाला येत नाही. म्हणून अशी गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून तपासू नये.

मामांचा संशय पेट्रोलवर होता. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलवर प्रत्येकाचं मत असतं. पण हिशोब उलटा आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी पुरते. वीस टक्के मिश्रणासाठी १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या हिशोबाने चालणारं इंजिन इथेनॉलने रिच होत नाही, उलट लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ॲव्हरेज थोडं घटतं ते इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी म्हणून. काळ्या धुराचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

२००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांतून हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर हळूहळू गेला. त्याच्या जागी आला इंजेक्टर, म्हणजे विजेवर उघडणारा बारीक झडपेचा नळ. इंजिन नुसतं घुरघुरत असताना तो दर खेपेला दोन-चार मिलिसेकंदच उघडतो. किती वेळ उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. या कॉम्प्युटरला धूर दिसत नाही, वास येत नाही. तारांमधून आलेल्या व्होल्टेजवर त्याचा सगळा भरवसा.

चारही प्लग सारखेच काळे, ही पहिली खूण. एकच काळा असता, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय किंवा ठिणगी कमी पडतेय, असं धरलं असतं. चारही आहेत म्हणजे दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी उपसून हुंगली. आतला पडदा फाटला, की तिथून पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. नळी कोरडी निघाली. सिलिंडरांना हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी चिरली असती, तर कॉम्प्युटरला इंजिनावर भार आहे असं वाटून त्याने जास्त पेट्रोल सोडलं असतं. तीही धड होती.

मग ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला मल्टिमीटर लावला. धुराड्याच्या नळीत बसलेला हा झिर्कोनियाचा सेन्सर तापला, की स्वतःच व्होल्टेज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, अजिबात नसेल तर ०.९ च्या. गाडी ठीक असेल तर आकडा या दोहोंमध्ये सतत वर-खाली होत राहतो: सेन्सर 'जास्त झालं' म्हणतो, कॉम्प्युटर हात आखडतो, 'कमी झालं' म्हणतो, तो सैल सोडतो. मामांच्या गाडीत आकडा ०.८५ वर खिळून होता. सेन्सर ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त होतंय, आणि गॅरेजवाल्याने त्यालाच काढून टाकलं. नवा आला, तोही तेच सांगू लागला.

खरा प्रश्न असा, की कॉम्प्युटर त्याचं ऐकत का नव्हता?

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडावं लागतं. जुन्या गाडीतला चोक ओढण्यासारखंच. त्या काळात कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो. इंजिन तापलं हे त्याला कळतं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातल्या, म्हणजे कूलंटमधल्या, तापमान-सेन्सरवरून. त्यात एक रोधक असतो, थंड असताना त्याचा रोध जास्त, गरम झाल्यावर कमी. २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना ३०० च्या घरात.

मी म्हटलं, "मामा, इंजिन तापतंय ना नीट?" त्यांनी डॅशबोर्डकडे बोट केलं. काटा बरोबर मध्यावर. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो.

गरम इंजिनावर कनेक्टर काढून थेट सेन्सरच्या पिनांवर मोजलं: ३२० ओहम. अगदी बरोबर. मग बॅटरीची तार सोडवली, कनेक्टर परत जोडला, कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि त्या टोकाकडून मोजलं: २,३०० ओहम. सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दोन हजार ओहम कुठून तरी आले होते.

कनेक्टर फोडला तेव्हा ते दिसले. पितळी पिनेवर हिरवट पूड साठली होती, कपाटातल्या जुन्या तांब्याच्या लोट्यावर येते तशी. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाची कित्येक वर्षं त्या अर्ध्या इंचात मुरली होती. ३०० मध्ये २,००० मिळवले की झाले २,३००, आणि कॉम्प्युटरच्या तक्त्यात २,३०० म्हणजे वीस-बावीस अंश. भर दुपारी, उकळायला आलेल्या इंजिनाला तो पहाटेचा खुराक देत होता. चेक इंजिनचा दिवाही लागला नाही. तार पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली, तर तो लागतो. बावीस अंश हे तापमान मात्र अशक्य नसतं, त्यामुळे कॉम्प्युटरला शंका घ्यायला कारणच नव्हतं.

कनेक्टर कापून नवा जोडला, सांधे सोल्डर केले, वर रबरी बूट चढवला. ऑइल आणि फिल्टर बदलले, कारण पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. प्लग घासून परत लावले.

मामांनी जुना ऑक्सिजन सेन्सर फेकला नव्हता. डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मला राहवेना, म्हणून तोच पुन्हा बसवून पाहिला. पहिली काही मिनिटं आकडा वरच अडकला होता. मग बहुधा त्याच्यावरची काजळी जळून गेली, आणि मीटरवर ०.२, ०.७, ०.३, ०.८ असं सुरू झालं. मामा चष्मा लावून मीटरकडे बघत बसले. नव्या सेन्सरचे पैसे परत मिळतील का, एवढंच त्यांनी विचारलं.