सातत्यदोष (गुन्हेमालिका)

दूरचित्रवाणी मालिकेतील एकाच प्रसंगाच्या दोन शॉटमध्ये वस्तू, वेशभूषा, उजेड किंवा वेळ यांचा मेळ न बसणे म्हणजे सातत्यदोष. कौटुंबिक मालिकेत बांगड्यांचा रंग बदलला तरी खपून जाते. गुन्हेमालिकेचा प्रेक्षक मात्र पोलिसांच्या बरोबरीने पुरावे टिपत असतो. मृताच्या डाव्या मनगटावरचे घड्याळ पुढच्या शॉटमध्ये उजव्या मनगटावर दिसले, की तो त्याला धागा समजतो. उलगड्यात त्या घड्याळाचा उल्लेखच आला नाही, तर आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते, आणि ते रास्तच आहे.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, हे याचे मूळ. पोलीस ठाण्यातले सगळे प्रसंग एका दमात उरकले जातात. त्यामुळे कपाळावरची पट्टी आधी आणि मारामारी नंतर चित्रित होते. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवणे हा त्यावरचा रोजचा उपाय. उजेडाला मात्र तोही पुरत नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मावळतीला सुरू केलेला संवाद लांबला, की एका पात्राच्या चेहऱ्यावर सोनेरी ऊन आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अंधार, असे दृश्य हाती येते.

‘सीआयडी’ या हिंदी मालिकेचा ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेला १११ मिनिटांचा भाग एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित झाला होता. तिथे दोन शॉट जुळवण्याचा प्रश्नच उरला नाही.

कथा कोल्हापुरात घडत असेल, तर तपशिलाच्या चुकाही जोडीला येतात. बिंदू चौकातून निघालेली गाडी पुढच्याच वळणावर पन्हाळ्याच्या घाटात शिरते. प्रत्यक्षात पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर आहे. स्थानिक माणसाच्या गाडीवर एमएच-०९ ऐवजी मुंबईचा क्रमांक असतो. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतो. म्हणून इथल्या ठाण्यात ‘एसीपी साहेब’ (सहायक पोलीस आयुक्त, हे पद आयुक्तालयातले) आले की जाणकार प्रेक्षकाचा कथेवरचा विश्वास उडतो. असे तपास इथे बहुधा एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, हाताळते.

याच शहरात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर चित्रीकरणापूर्वी पात्रांच्या वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने करून ठेवत. तेवढी पूर्वतयारी आजच्या दैनंदिन मालिकेच्या वेळापत्रकात क्वचितच बसते.

अलीकडची ठळक चूक कलमांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागते. संवादांत मात्र अजून जुन्या भारतीय दंड संहितेतले ‘तीनशे दोन’च ऐकू येते.