बधिर करायच्या सुईने मूल मठ्ठ होतं का?

टाके घालायला लहान मुलाला सुई दिली, की जळगाव-धुळ्याकडे घरातलं कुणीतरी म्हणतंच, “पोऱ्याना मेंदूमा सुई चढस.” तसं होत नाही. सुईतलं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, मज्जातंतूत शिरून सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत यायच्या वाटा, आतल्या बाजूने अडवतं. सोडियम आत येत नाही, म्हणून वेदनेचा संदेश तिथेच थांबतो. रक्ताने औषध वाहून नेलं, की वाट पुन्हा मोकळी.

धोका आहे तो मात्रेचा. ॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) न मिसळलेल्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा वजनाच्या किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. २ टक्के द्रावणाच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १० किलोच्या बाळाला जेमतेम सव्वादोन मिली. तान्ह्या बाळाला त्याहून कमी, कारण औषध धरून ठेवणारं प्रथिन त्याच्या रक्तात कमी आणि यकृतही कच्चं.

मात्रा चुकली किंवा औषध थेट शिरेत गेलं, तर मेंदूतल्या इतर पेशींना लगाम घालणाऱ्या पेशी आधी गप्प होतात. त्यामुळे बधिर करणारं औषधच उलट झटके आणतं! म्हणून औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतंय का ते बघतात.

गंमत म्हणजे सुईला घाबरणारेच दात येताना हिरड्यांना बधिर करणारी जेल बोटाने बिनधास्त चोळतात. ती बाळ गिळतं, किती गेली ते कुणी मोजत नाही. ती लावूच नका. स्वच्छ ओलं, गार फडकं चावायला द्या.