व्यवसायसुरक्षा साहाय्य

कामाच्या जागी होणारे अपघात आणि कामामुळे जडणारे आजार टाळण्यासाठी मालकाला बाहेरून मिळणारी जाणकारांची मदत. जागेवर येऊन केलेली पाहणी, धूळ, आवाज व वायूंची मोजमापे, कामगारांचे प्रशिक्षण, छापील व ऑनलाइन मार्गदर्शन आणि काही ठिकाणी अर्थसाहाय्य हे सारे तीत येते. कामगाराला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी बहुतेक देशांच्या कायद्यांनी मालकावर टाकली आहे. पण ती पार कशी पाडायची, हे कायदा वाचून कळत नाही. मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असतो, डॉक्टर असतो. दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालकच खरेदी बघतो, पगार करतो आणि वेळ पडली तर मशीनवर उभा राहतो. या मदतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

सुरुवात तपासणीने झाली. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने चार सरकारी निरीक्षक नेमले. जर्मनीने १८८४ मध्ये वेगळी वाट काढली: अपघात विमा कायद्यान्वये मालकांच्याच वर्गणीतून व्यवसायवार विमासंस्था उभ्या राहिल्या. नुकसानभरपाई यांच्याच तिजोरीतून जायची, त्यामुळे अपघात टळण्यात त्यांचे थेट हित होते. या संस्था आजही आपल्या सभासद उद्योगांना सल्ला आणि प्रशिक्षण देतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारात व्यवसाय आरोग्य सेवेचे काम मुख्यतः प्रतिबंधाचे मानले असून मालक आणि कामगार दोघांनाही सल्ला देणे हा त्याचा भाग आहे. सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क असल्याचे या संघटनेने जून २०२२ मध्ये मान्य केले.

सल्ला मागायचा तर आपल्या जागेतले धोके परक्या माणसाला उघड करून दाखवावे लागतात, आणि इथेच बहुतेक मालक अडतात. दंड होईल या भीतीने दार बंदच राहते. अमेरिकेतील ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने यावर काढलेला तोडगा अनुकरणीय आहे. लहान व मध्यम उद्योगांसाठीची तिची सल्लासेवा विनामूल्य आणि गोपनीय असून ती दंड करणाऱ्या विभागापासून वेगळी ठेवलेली आहे. सल्लागार दंड लावत नाही. मात्र गंभीर धोका आढळला तर तो ठरलेल्या मुदतीत दूर करण्याचे मालकाने कबूल करावे लागते. युरोपीय संघाच्या बिल्बाओ (स्पेन) येथील कामगार सुरक्षा संस्थेने ओइरा हे विनामूल्य ऑनलाइन साधन दिले आहे. त्यात त्या-त्या धंद्याला लागू पडणारे प्रश्न एकेक करून पुढे येतात आणि शेवटी मालकाच्या हाती स्वतःच्या जागेचा कृती आराखडा पडतो.

तरीही जागेवर येऊन बघणाऱ्या डोळ्यांची जागा प्रश्नावली घेऊ शकत नाही. एखादा जुना पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे यंत्र, घ्या. त्याला दोन बटणे असतात. दोन्ही एकदम दाबली तरच तो खाली येतो, म्हणजे घाव बसताना दोन्ही हात डायपासून, म्हणजे साच्यापासून, लांब राहतात. सल्लागार वाकून बघतो, तर एका बटणात लाकडाची चिपटी खोचलेली. कामगाराला रागावले की चिपटी निघते आणि सल्लागाराची पाठ वळली की परत बसते. म्हणून चांगला सल्लागार विचारतो, ही का लावली? उत्तर मिळते: मोकळ्या हाताने पत्रा सरकवला की पाळीचे नग पुरे होतात. मग दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. पत्रा हात न घालता पुढे सरकेल अशी सोय करायची आणि नगांचे टार्गेटही नव्याने ठरवायचे.

उपायांचा क्रमही यातूनच समजतो. आधी धोका मुळातूनच काढता येतो का, नाहीतर कमी धोक्याचा पर्याय आहे का, मग यंत्राला आडोसा किंवा हवा खेचणारी व्यवस्था, त्यानंतर कामाची पद्धत व पाळ्यांत बदल, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, गॉगल, हेल्मेट. मालक बहुधा उलट्या टोकाने सुरू करतात, कारण हातमोजे आजच्या आज विकत आणता येतात. प्रेसखाली आलेला हात मात्र हातमोजा वाचवत नाही.

काही मदत तर मालकाच्या दारात आधीच आलेली असते. घातक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मिळते. जागतिक पद्धतीनुसार त्याचे १६ भाग असतात. ते सहसा बिलांबरोबर फाइलमध्ये जाते. पिंपातून डब्यात रसायन ओतणाऱ्या माणसाला त्यातला चौथा भाग, म्हणजे प्रथमोपचार, आणि आठवा भाग, म्हणजे हवेतील मर्यादा व संरक्षक साधने, सर्वांत आधी कळायला हवा. हे दोन भाग त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, पिंपाच्या वरच्या भिंतीवर लावायला फारसा खर्च येत नाही.