समावेशक वर्गातली शिस्त

समावेशक वर्गातली शिस्त म्हणजे ज्या वर्गात दिव्यांग किंवा विशेष गरजा असलेली मुलं बाकीच्या मुलांच्या शेजारीच बसून शिकतात, तिथे शिकवणं चालू राहावं, कुणाला इजा होऊ नये आणि कुणालाच वर्गाबाहेर काढायची वेळ येऊ नये म्हणून शिक्षक, शाळा आणि पालक मिळून जे काही करतात ते सगळं. शिस्त म्हटलं की आपल्याकडे अजून हाताची घडी तोंडावर बोट हेच डोळ्यासमोर येतं, पण इथे तो अर्थ पुरत नाही, कारण या वर्गातल्या काही मुलांना हाताची घडी घालून दहा मिनिटं बसणं जमतच नाही आणि ते न जमण्यात त्यांचा काही दोष नसतो.

मराठी शाळांमध्ये अशा मुलांसाठी फार जुने शब्द आहेत, व्रात्य, हट्टी, दंगेखोर, वाया गेलेला. जागेवरून उठून फिरणं, मध्येच ओरडणं, शेजाऱ्याच्या वहीवर रेघोट्या मारणं, कंपासपेटी आपटणं, बाकाखाली जाऊन बसणं, रागात चावणं किंवा ढकलणं, वर्गातून पळून जाणं असं बरंच काही या एका पोतडीत कोंबलं जातं, आणि गंमत म्हणून केलेली मस्ती आणि सहन होत नाही म्हणून झालेला उद्रेक यातला फरक तिथेच पुसला जातो.

कायदा काय सांगतो

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, तेव्हा कल्पना अशी होती की मुलाने आधी तयार व्हायचं आणि मग नेहमीच्या शाळेत यायचं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि तिथल्या जाहीरनाम्याने हे उलटं केलं, बदलायचंय ते शाळेने. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे तिच्यातही हेच आहे, दिव्यांग असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजांप्रमाणे जुळवून घेतली जाईल. या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित जमायला येणारी अडचण आली. अतिचंचलता म्हणजे एडीएचडी मात्र त्या यादीत वेगळी नाही, आणि वर्गात सगळ्यात जास्त ओरडा खाणारी मुलं बऱ्याचदा हीच असतात, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही आणि सवलत नाही म्हणून शिक्षा असं चक्र सुरू होतं.

शिक्षेबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. म्हणजे फक्त छडी नाही, उठाबशा, अंगठे धरणं, कोंबडा करणं, सगळ्यांसमोर "हा असाच आहे" म्हणणं हे सगळं त्यात येतं. त्याआधी २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शालेय नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली होती. कलम १६ तर या विषयात त्याहून महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायला वाट दिली पण काढून टाकायला दिली नाही. तरी "तुम्ही स्वतःच दाखला घेऊन जा, त्याच्यासाठी स्पेशल शाळा बरी" असं गोड बोलून सांगितलं जातं आणि आईवडील खाली मान घालून दाखला घेऊनही जातात. नाव कापलं नाही म्हणून कागदावर कायदा मोडत नाही, मूल मात्र शाळेबाहेर जातं.

वागण्यामागे काय असतं

वागणूक समजून घ्यायची सगळ्यात साधी आणि जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे तीन रकान्यांची नोंद. आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. बस एवढंच, पण हे आठ-दहा दिवस सलग लिहिलं की जे दिसतं ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

माझ्या वर्गातलंच सांगते. तिसरीतला एक मुलगा, रोज कधी ना कधी दंगा करायचा, कंपासपेटी खाली आपटायचा, मग मी त्याला दाराबाहेर उभं करायची, सगळं शांत. मला वाटायचं शिस्त लागतेय. शेवटी वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले आणि लिहीत गेले तर दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की पेटी आपटली जायची ती दर वेळी शुद्धलेखनाच्या तासाला, मी फळ्यावरून वळून "वह्या काढा" म्हटलं की दोन मिनिटांत. गणिताला नाही, चित्रकलेला नाही. त्याला लिहिता येत नव्हतं, जोडाक्षरं तर अजिबातच नाही, आणि सगळ्यांसमोर ते उघडं पडण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडत होतं. म्हणजे मी ज्याला शिक्षा समजत होते ती त्याची सुटका होती आणि ती मी रोज त्याला स्वतःच्या हाताने देत होते.

मग दहा शब्दांच्या जागी त्याला चार शब्द दिले, तेही आदल्या दिवशी सांगून, लिहायच्या आधी अक्षरांची कार्डं जुळवायची परवानगी दिली, आणि एक पिवळं कार्ड बाकावर ठेवलं की ते उलटं केलंस तर न विचारता नळापर्यंत जाऊन पाणी पिऊन यायचं. पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट गेला. हे जवळपास ठरलेलंच असतं, जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जास्त जोरात करून बघतं, आणि नेमक्या याच आठवड्यात बहुतेक शिक्षक "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेटी आपटणं जवळजवळ थांबलं होतं.

वागण्याचा अर्थ लावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायला हवेत, हे इतकं साधं आहे की राहूनच जातं. हाक मारली तरी न बघणारं मूल उद्धट नसून त्याला एका कानाने कमी ऐकू येत असू शकतं, काही सेकंद शून्यात बघत बसणाऱ्या मुलीला लक्ष नाही म्हणून ओरडतात आणि तो फिट्सचा एक सौम्य दिसणारा प्रकार निघतो. यासाठी शाळेत येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम असते, हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं, "तुमचा मुलगा ऑटिस्टिक वाटतो" असं पालकसभेत बोलून टाकणं हे शिक्षकाचं काम नाही.

उद्रेक आणि हट्ट

हट्ट करणारं मूल अधूनमधून बघतं की कुणाचं लक्ष आहे का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. स्वमग्न मुलाचा उद्रेक तसा नसतो, तो आवाज, उजेड, गर्दी, अचानक बदललेलं वेळापत्रक याने भरून वाहिलेला असतो, त्यात हवं ते दिलं तरी तो लगेच थांबत नाही. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात, ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालू असताना, तास रद्द होत असताना ही मुलं जास्त बिथरतात ती यामुळेच. लोखंडी घंटा ज्या वर्गाच्या दाराशी टांगलेली असते तिथे तर दर पस्तीस मिनिटांनी एक धक्का बसतो. घंटा व्हायच्या आधी मुलाला हळूच खूण करणं, कानाला लावायला जाड हेडफोन देणं, पंखा फार खडखड करत असेल तर बाक हलवणं, दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी बाकावर चिकटवणं, यातलं बहुतेक फुकटात होतं.

उद्रेक चालू असताना बोलू नये, हे सगळ्यात अवघड जातं. आपण "शांत हो, काय झालं, असं करतात का" असं बोलत राहतो आणि प्रत्येक वाक्य त्या आवाजात भरच घालतं. कडक वस्तू बाजूला करायच्या, बाकीच्या मुलांना शांतपणे बाहेर व्हरांड्यात न्यायचं, जवळ पण थोडं अंतर ठेवून थांबायचं. धरून दाबून ठेवणं धोक्याचं असतं, दुसऱ्याला किंवा स्वतःला लगेच इजा होणार असेल तेवढ्यापुरतंच आणि तेवढ्याच वेळापुरतं. समजावणं, माफी, पडलेली पुस्तकं परत लावणं हे नंतर, मूल शांत झाल्यावर, पण ते करायचंच, कारण ज्या मुलीला लागलंय तिचाही तो वर्ग आहे आणि तिचं दुखणं "जाऊ दे गं, तो तसाच आहे" म्हणून उडवून लावणं हा तिच्यावर अन्याय होतो.

सगळ्यांना एकच नियम?

"बाई, त्याला का नाही शिक्षा?" हा प्रश्न प्रत्येक समावेशक वर्गात येतो आणि तो रास्त आहे. मुलांना याचं उत्तर त्यांच्या खेळातूनच देता येतं. गल्लीत खेळताना धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात, त्याला आऊट करत नाहीत, ही समज पोरांना जन्मतः असते. पण इथेच थांबलं तर चूक होते. कच्चं लिंबू खेळात असतं पण मोजणीत धरलेलं नसतं, त्याच्या आऊट होण्याला किंमत नाही तशी त्याच्या धावेलाही नाही. कितीतरी शाळांत दिव्यांग मूल असंच बसवलेलं असतं, मागच्या बाकावर, काही विचारायचं नाही, काही तपासायचं नाही, दंगा केला तर सोडून द्यायचं, आणि याला समावेशन म्हणतात. मूल मोजणीत धरलेलं असायला हवं. मारायचं नाही हा नियम त्यालाही आहेच, फक्त तो पाळायला त्याला जास्त मदत, जास्त वेळ आणि वेगळी वाट मिळते.

नियम थोडे हवेत, चार-पाच, आणि "पळू नका" ऐवजी "वर्गात चालत जा" असे, म्हणजे काय करायचं ते सांगणारे. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं १९७० सालचं काम इथे फार उपयोगाचं आहे. त्यांच्या तासाला पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला ते रागावले आणि त्यांच्या लक्षात आलं की बाकीचा अख्खा वर्गही ताठ झाला, तिथून त्यांनी याचा अभ्यास सुरू केला. अनेक वर्गांचं निरीक्षण करून ते या निष्कर्षाला आले की चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यातला फरक दंगा झाल्यावर शिक्षक काय करतात त्यात फारसा नसतो, तो आधीच असतो, शिक्षकाला पाठीमागे काय चाललंय त्याची जाण आहे का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना रिकामा वेळ किती जातो, यात.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर नेली. त्या दिव्यांग मुलांसाठी नव्हत्या, पण मूल बसत नाही तर दोष आधी बसण्याच्या व्यवस्थेत शोधायचा हा विचार आपल्या मातीत आधीपासून आहे हे विसरू नये.

शिक्षक एकटे

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला, म्हणजे इथे पहिली ते पाचवीला, ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मात्र दोन-तीन इयत्ता एका खोलीत, त्यात एक शिक्षक मीटिंगला गेले की उरलेल्या बाई चारही वर्ग सांभाळतात, शिवाय जनगणना आणि निवडणुकीचं काम कायद्यानेच शिक्षकांना लावता येतं. विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फिरतीवर येतात. विशेष शिक्षकांच्या पदांबद्दल सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं, आणि ही पदं मंजूर करून भरा असं न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा सांगावं लागलं. ज्या शिक्षकाला ना मदतनीस, ना प्रशिक्षण, ना रिकामी खोली, त्याच्या हातून एखाद दिवशी आवाज चढला तर त्याला लगेच राक्षस ठरवू नये असं मला मनापासून वाटतं, पण चढलेला आवाज ही पद्धत होऊ नये एवढंच.

शहरांतल्या खासगी शाळांमध्ये शॅडो टीचर, म्हणजे एकाच मुलासोबत वर्गात बसून त्याला मदत करणाऱ्या शिक्षिका, असतात, त्यांचा पगार बहुतेक वेळा पालकच देतात. याचाही एक तोटा आहे, शॅडो टीचर आली की वर्गशिक्षिका त्या मुलाकडे बघणंच सोडून देतात आणि दोघांचं एक वेगळं बेट तयार होतं.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप ही आणखी एक जागा जिथे ही शिस्त घडते किंवा मोडते. कुणाच्या तरी मुलाला ढकललं गेलं, रात्री मेसेज पडतो, नाव घेतलं जातं, सकाळपर्यंत पंचवीस जण "ॲक्शन घ्या" म्हणतात, आणि त्या मुलाची आई तो ग्रुप मुकाट वाचत असते. शाळेने पहिल्याच पालकसभेत सांगून ठेवावं की अशी तक्रार थेट वर्गशिक्षकांकडे आणायची, ग्रुपवर मुलाचं नाव टाकायचं नाही, आणि ज्याला लागलं त्याच्या घरी त्याच दिवशी शाळेतूनच फोन जाईल. फोन वेळेवर गेला की निम्मे मेसेज पडतच नाहीत.

मुलाबद्दल कळलेल्या गोष्टींची सगळ्यात जास्त गळती जूनमध्ये होते. वर्षभरात कळलेलं सगळं, घंटेआधी खूण लागते, शुद्धलेखन चारच शब्द, पिवळं कार्ड, हे त्या एका शिक्षिकेच्या डोक्यात असतं, नवे वर्गशिक्षक येतात आणि कंपासपेटी परत आपटायला लागते. काही शाळांत आता एप्रिलमध्येच दोन्ही शिक्षक आणि आई अर्धा तास एकत्र बसतात आणि पानभर मजकूर लिहून ठेवतात, काय केलं की बिघडतं, काय केलं की सावरतं, आणि त्याला काय आवडतं, तेही.