कोरोना ड्युटी आणि झोप (नागपूर)

महासाथीत दवाखान्यात काम करणाऱ्यांचं झोपेचं आरोग्य म्हणजे फक्त किती तास झोपले एवढंच नाही, झोप कधी लागली, मध्ये किती वेळा मोडली आणि उठल्यावर डोकं ठिकाणावर होतं का हे पण त्यात येतं. मोठ्या माणसाला 7 तास तरी झोप पाहिजे हे सगळ्यांना पाठ आहे, पण रात्रीचे सलग 7 तास आणि दिवसा तुकड्यातुकड्यात काढलेले 7 तास सारखे नसतात. आणि हेल्थ वर्कर म्हटलं की डॉक्टर नि सिस्टर डोळ्यासमोर येतात, पण ब्रदर, वॉर्डबॉय, मावश्या, सफाई कामगार, लॅबवाले, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, आशाताई हे पण त्यातलेच.

नागपुरात पहिला कोरोना पेशंट 11 मार्च 2020 ला सापडला. त्यानंतर मुख्य भार मेयो आणि मेडिकलवर आला (कागदोपत्री इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पण ऑटोवाल्याला असं सांगून पाहा), मिहानमधलं एम्स तेव्हा नवीनच होतं, 2018 चं. नाईट ड्युटी काही कोरोनाने आणली नाही, ती आधीपासूनच होती, फक्त आता तीच ड्युटी पीपीई किटमध्ये करायची, किट घातलं की पाणी नाही, बाथरूम नाही, म्हणून ड्युटीच्या आधीपासूनच पाणी कमी प्यायचं, आणि घरी गेल्यावर डोकं दुखतंय म्हणून झोप नाही. एप्रिल 2021 च्या दुसऱ्या लाटेत तर झोपेतही फोन सुटला नाही, कारण दवाखान्यात काम करणारं कोणी ओळखीचं असलं की लोक रात्री 2 ला पण फोन लावत, बेड मिळते का, ऑक्सिजन मिळते का. फोन उचलला तर झोप गेली, नाही उचलला तरी गेलीच.

अंगात पेंग भरलेली असूनही 'झोप येऊन नाही राहिली' असं का होतं, तर झोपेच्या मागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे माणूस जितका वेळ जागा राहतो तितकं मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, ते उजेडावर चालतं, अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की घड्याळ म्हणतं आता उठ. रात्री 8 ते सकाळी 8 ड्युटी करून घरी येणाऱ्या सिस्टरचा दाब म्हणतो झोप आणि घड्याळ म्हणतं ऊठ, त्यात पहाटे 4 ला घेतलेल्या कडक चहातलं कॅफीन सकाळी 9 ला पण जवळपास अर्धं अंगात शिल्लक असतं. इथे नागपूरच्या बायकांची एक सवय उपयोगी पडते बरं का, उन्हापासून वाचायला स्कूटीवर तोंडाला दुपट्टा आणि डोळ्याला काळा गॉगल, त्याने घरी जाताना डोळ्यात जाणारा उजेड पण कमी होतो. झोपेचे डॉक्टर नाईटवाल्यांना हेच सांगतात.

मग राहिला उन्हाळा. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, रात्रभरात साधारण 1 अंशाने. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो, आणि घरच्यांना लागण होऊ नये म्हणून वेगळं राहायचं तर बऱ्याच जणांना मिळायची ती गच्चीवरची खोली, म्हणजे घरातली सगळ्यात तापलेली जागा. कूलर, खसच्या टट्ट्या, खिडकीला हिरवी नेट, एवढं करूनही दुपारी 1 नंतर डोळा लागणं कठीणच. नागपूरबद्दल लिहायचं तर माझ्या मते हा मुद्दा पहिल्या नंबरवर पाहिजे.

आकड्यांचं बोलायचं तर 2020 च्या सुरुवातीला चीनमधल्या 34 हॉस्पिटलांतल्या 1257 जणांचा अभ्यास झाला, त्यात 34 टक्के लोकांना निद्रानाशाची लक्षणं होती, आणि त्यात फक्त डॉक्टर नि नर्सेसच होते, मावशीला कोणी विचारलं नाही. असे सर्व्हे बहुतेक प्रश्नावलीवर चालतात, एक नेहमीची प्रश्नावली 7 प्रश्नांची आहे, स्कोअर 0 ते 28, आणि 15 किंवा त्याच्या वर गेला की उपचार लागणारा निद्रानाश धरतात. एक गंमत (तेव्हा गंमत नव्हती) म्हणजे मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) हेल्थ वर्करना कोरोना होऊ नये म्हणून जी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी घ्यायला सांगितली, तिच्या साइड इफेक्टमध्ये झोप उडणं आणि वाईट स्वप्नं पडणं आहे. पुढे मार्च 2021 मध्ये डब्ल्यूएचओने त्यासाठी ही गोळी नको म्हणून सांगितलं.

झोप नसली की चिडचिड होते, चुका होतात, हे तर झालंच. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं होतं असं 1997 च्या एका प्रयोगात दिसलं, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे ड्युटी संपवून वर्धा रोडने घरी निघालेला रेसिडेंट डॉक्टर पोलिसांच्या मशीनमध्ये कधी सापडणार नाही, पण हँडलवर सेकंद-दोन सेकंद डोळा लागायला तेवढं पुरतं.

उपाय म्हणून मोबाईल लांब ठेवा, प्राणायाम करा, कोमट दूध प्या, हे सगळं सांगितलं जातं, त्याने थोडंफार होतंही, पण खरी गोष्ट ड्युटी चार्टमध्ये आहे. ओळीने फार नाईट नको, दोन ड्युट्यांमध्ये कमीत कमी 11 तास, ड्युटीत 20 मिनिटांची डुलकी, जास्त नको कारण गाढ झोपेतून उठवलं की डोकं जड होतं, आणि पेशंट नसलेल्या खोलीत एक खाट. रेसिडेंट डॉक्टरांसाठी केंद्राचा 1992 चा नियम दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तास सांगतो, तो मार्डच्या (राज्यातल्या रेसिडेंट डॉक्टरांची संघटना) मागण्यांमध्ये परत परत येतो यावरून किती पाळला जातो ते समजून घ्या. निद्रानाश मुरलाच असेल तर झोपेच्या गोळीआधी वागणूक आणि विचार बदलायची थेरपी, सीबीटी-आय, करतात. नागपूरसाठी यात अजून एक ओळ घालावी लागेल, मे महिन्यात दुपारी लाईट जाऊ नये.