ताप कितव्या दिवशी आला?

केमो लागली तो दिवस पहिला धरायचा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढचे आकडे पेन्सिलीने लिहून टाकायचे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उपचारात ताप, जुलाब, पायाला सूज ही एरवीची घरगुती दुखणीच जिवावर बेतू शकतात. तेच दुखणं दुसऱ्या दिवशी एक सांगतं आणि दहाव्या दिवशी दुसरंच.

या आजारात दोन औषधयोजना जास्त वापरल्या जातात. फोल्फिरिनॉक्स दर १४ दिवसांनी देतात. तीन औषधं सलाइनमधून काही तासांत जातात आणि फ्लुरोयुरासिल हे चौथं औषध छोट्या पंपातून ४६ तास थेंबथेंब चालू राहतं. हा पंप रुग्ण घरीच घेऊन येतो. दुसरी योजना जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल यांची. ती २८ दिवसांच्या फेरीत पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी देतात.

आधी ताप. केमो अस्थिमज्जेवरही मारा करते, त्यामुळे न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळ गाठतात. फोल्फिरिनॉक्स ज्या फ्रेंच चाचणीमुळे रूढ झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. तीत १०० पैकी जवळपास ४६ जणांच्या न्यूट्रोफिल गंभीर पातळीला घसरल्या, पण त्यासोबत ताप आला तो पाचेक जणांनाच. म्हणजे नुसता आकडा खाली जाणं नेहमीचं, त्यात ताप आला की मात्र धावपळ करायची. एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४, ही सीमारेषा. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. गोळीने पारा उतरतो, जंतू रक्तात वाढतच राहतात. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोनही ताप झाकतं, त्यामुळे ताप नसताना अंगात हुडहुडी भरली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा एकदम गळून गेला तरी ताप आला असंच समजायचं. जखमेत पू दिसला नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. पू व्हायलाही पांढऱ्या पेशीच लागतात!

रिपोर्ट हातात असेल तर हिशोब सोपा आहे. एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर खरा आकडा ३६०. पाचशेच्या खाली असताना ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. पावसाळ्यात कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाचा विचार करतो, ते स्वाभाविकच आहे. म्हणून दारातच सांगावं: ‘केमो चालू आहे, आज नववा दिवस, ताप एकशे एक.’ जेमसिटाबिननंतर पहिल्या दिवशी फ्लूसारखी कणकण येते, ती बहुधा औषधाची असते. तरीही फोन करावा, कारण आठव्या दिवशीचा डोस आधीच्या डोसाने पेशी घटलेल्या असतानाच पडतो.

पण कॅलेंडर न पाळणारा एक तापही या आजारात असतो, आणि तो चुकवणं सोपं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असेल तर पित्तनलिका दाबली जाते आणि पित्त वाहतं राहावं म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी नळी, घालतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबू लागतो. धातूचा जास्त टिकतो, पण तोही तुंबतो. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढून थेट रक्तात उतरतात. खणखणीत थंडी वाजून ताप, लघवी गडद, डोळे पुन्हा पिवळे, शौचाचा रंग मातकट, उजव्या बरगडीखाली दुखणं ही त्याची चिन्हं, आणि ती सगळी एकत्र येण्याची वाट पाहायची नसते. इथे प्रतिजैविक पुरत नाही, स्टेंट बदलून वाट मोकळी करावी लागते. म्हणून स्टेंट कधी घातला आणि कशाचा, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं.

जुलाबांत पुन्हा कॅलेंडर उपयोगी पडतं. फोल्फिरिनॉक्समधलं इरिनोटेकान लागल्यापासून २४ तासांत पोटात मुरडा, घाम, तोंडाला पाणी सुटणं असे जुलाब झाले तर ते नसांच्या उत्तेजनामुळे, त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन चालतं. नंतरचे जुलाब, बहुधा पाचव्या दिवसाच्या आगेमागे, आतड्याचं अस्तर सोलवटल्याने होतात आणि तेच घातक. केमोच्या डॉक्टरांनी लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध आधीच लिहून दिलेलं असेल तर नेहमीची पद्धत अशी: पहिल्या पातळ शौचाला ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, जुलाब थांबून १२ तास होईपर्यंत. हा डोस पाकिटावरच्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे स्वतःच्या मनाने घेऊ नये. सोबत लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. जुलाबाबरोबर ताप, रक्त, लघवी बंद होणं, किंवा २४ तासांत आराम नाही, असं झालं तर घरी थांबू नये. तेलकट, तरंगणारं, उग्र वासाचं शौच मात्र निराळं. ते पाचकरस कमी पडल्याचं लक्षण, त्यावर जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, लोपेरामाइड नव्हे.

पंप चालू असताना छातीत दुखलं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणू नये. फ्लुरोयुरासिलने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊ शकतात, अगदी धडधाकट हृदयाच्याही. नळीवरचा क्लॅम्प बंद कसा करायचा, हे पंप जोडतानाच नर्सकडून शिकून घ्यावं. काही जणांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्याच फेरीनंतर तोंडभर फोड, भयंकर जुलाब, पेशींची घसरण असं सगळं एकदम होतं. युरिडिन ट्रायअसिटेट हा त्यावरचा उतारा पंप संपल्यापासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो, म्हणून डीपीडीची चाचणी आधीच करून घेतलेली बरी.

फोल्फिरिनॉक्समधल्याच ऑक्झॅलिप्लॅटिननंतर थंड पाणी प्यायलं की घसा आवळून श्वास अडल्यासारखं वाटतं. ते घाबरवतं, पण कोमट पाण्याने सुटतं. फ्रिजमध्ये हात घालणंही काही दिवस टाळावं. औषध चालू असताना अंगावर गांधी, छातीत घरघर, चक्कर ही मात्र अ‍ॅलर्जी, आणि ती बऱ्याचदा पाच-सहा फेऱ्या सुरळीत गेल्यावर येते.

राहता राहिल्या रक्ताच्या गुठळ्या. केमोआधी गुठळीचा धोका मोजणाऱ्या खोराना गुणांकात स्वादुपिंडाच्या कर्करोगाला जागेसाठीचे सर्वाधिक, म्हणजे २ गुण आहेत. दोन्ही पाय सुजले तर कारणं अनेक. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी. आपल्याकडे अशा पायाला तेल लावून चोळायची सवय आहे. ती इथे अजिबात नको, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं किंवा थुंकीत रक्त आलं, तर ओपीडीचा नंबर लावत न बसता अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ फिरवावा.