आयडी टोकन आणि ॲक्सेस टोकन: एपीआयला कुठलं द्यायचं?

एपीआयला, म्हणजे ॲपला मागून डेटा देणाऱ्या सर्व्हरला, टोकन (लॉगिननंतर मिळणारी, दारात दाखवायची चिठ्ठी) लावायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याला लॉगिन बहुधा नीट जमलेलं असतं. बटण दाबलं, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर गेलो, परत आलो. आता फ्रंटएंडच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या, हातात दोन टोकनं असतात: आयडी टोकन आणि ॲक्सेस टोकन. दोन्ही लांबलचक, दोन्ही बऱ्याचदा 'ईवायजे' या अक्षरांनी सुरू होणारी. त्यातलं भलतंच उचलून एपीआयला जाणाऱ्या रिक्वेस्टच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये घातलं जातं आणि ते चालतंय म्हणून तसंच राहतं. नव्या प्रोजेक्टांत, कोड रिव्ह्यूत, शिकवणीच्या व्हिडिओंत हा घोळ इतक्यांदा दिसतो की आता तो एकदाचा सोडवायलाच हवा.

आधी आयडी टोकन, थोडक्यात: लॉगिन कोणी केलं हे ते सांगतं. ते २०१४ च्या ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या मानकाचं अपत्य आणि नेहमी जेडब्ल्यूटीच, म्हणजे ठरलेल्या मांडणीचा, सही केलेला मजकूर असतं. कोणी दिलं, कोणाबद्दल, कोणासाठी, कधी दिलं, कधी संपणार हे पाच क्लेम, म्हणजे नोंदी, त्यात असाव्याच लागतात. शिवाय बऱ्याचदा नाव, ईमेल, फोटोची लिंक. फ्रंटएंडने ते तपासायचं, वापरकर्त्याचं नाव कोपऱ्यात दाखवायचं, झालं.

ॲक्सेस टोकन त्याहून जुनं, २०१२ च्या ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या मानकातलं. ते कसं दिसावं हे ओऑथने सांगितलेलंच नाही. गिटहबचं 'जीएचओ' ने सुरू होणारं किंवा गूगलचं 'वायए२९' ने सुरू होणारं टोकन जेडब्ल्यूटी नाही आणि तरी ते पूर्णपणे कायदेशीर ॲक्सेस टोकन आहे. फ्रंटएंडने ते उघडून वाचायचं नसतं; घ्यायचं आणि एपीआयकडे पोचवायचं. ॲक्सेस टोकन डीकोड करून त्यातून नाव काढणारा फ्रंटएंड कोड माझ्यासमोर आला तर तो मी मर्ज होऊ देत नाही. उद्या टोकन देणाऱ्याने आतली मांडणी बदलली तर स्क्रीन फुटेल आणि दोष त्याचा नसेल.

आता खरा मुद्दा. या दोन टोकनांत सगळ्यात मोठा फरक आत काय माहिती आहे हा नाही, ते कोणासाठी आहे हा आहे. ऑडियन्स, म्हणजे 'ऑड' नावाचा क्लेम.

एक हाउसिंग सोसायटीचं ॲप घ्या. वेबसाइट 'सोसायटी-वेब' या नावाने रजिस्टर केली आहे आणि मागे मेंटेनन्सच्या पावत्या देणारा 'मेंटेनन्स-एपीआय' आहे. रहिवाशाने लॉगिन केलं की आलेल्या आयडी टोकनात ऑड असतो 'सोसायटी-वेब'. ॲक्सेस टोकनात ऑड असतो 'मेंटेनन्स-एपीआय' आणि सोबत स्कोप, म्हणजे कशाची परवानगी आहे ते, समजा 'पावत्या-वाचन'. बाकी? देणारा तोच. वापरकर्त्याचा सब, म्हणजे त्याची ओळखखूण, बऱ्याचदा तोच. सही त्याच प्रायव्हेट कीने केलेली. म्हणजे एपीआयने फक्त सही, इश्युअर (टोकन देणारा) आणि मुदत बघितली तर दोन्ही टोकनं पास होतात. पाकिटावर पोस्टाचा शिक्का खरा आहे म्हणून शेजाऱ्याच्या नावाचं पाकीट आपण फोडत नाही. एपीआयनेही तसंच वागायचं असतं.

मग लोक हे का करतात? आळस हे कारण फार थोड्यांचं. बहुतेकांना त्यांचा लॉगिन देणारा प्रोव्हायडरच त्या वाटेला लावतो. ऑथझीरो या लॉगिन-सेवेत टोकन मागताना 'ऑडियन्स' पॅरामीटर दिला नाही, तर मिळणारं ॲक्सेस टोकन तुम्हाला उघडता येत नाही. एपीआय ते नाकारतो, आयडी टोकन मात्र छान डीकोड होतं, की लगेच तेच हेडरमध्ये जातं. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये स्कोप म्हणून नुसतं 'युझर.रीड' मागितलं तर ॲक्सेस टोकन मायक्रोसॉफ्ट ग्राफसाठीचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच एपीआयसाठीचं, येतं. त्याची सही तुमच्या एपीआयला पडताळता येत नाही, आणि पडताळायचीही नसते; ते टोकन तुमचं नाहीच. तुम्हाला तुमच्या एपीआयचा स्वतःचा स्कोप तिथे रजिस्टर करून तो मागावा लागतो. ॲमेझॉनच्या कॉग्निटोने तर कमाल केली आहे: त्याच्या ॲक्सेस टोकनात वेगळा मागितल्याशिवाय ऑड नसतोच, त्याऐवजी क्लायंट आयडी आणि 'टोकन-यूज' हे क्लेम बघावे लागतात. वर एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) एपीआय गेटवेमध्ये कॉग्निटो ऑथरायझरला स्कोप दिले नाहीत तर तो आयडी टोकनच अपेक्षित धरतो. ज्याने एकदा तिथे काम केलं, तो पुढे सगळीकडे आयडी टोकनच पाठवत सुटला तर त्याला काय बोलणार?

आणि मग येते ती ओळ, जी मला सगळ्यात जास्त खटकते. डॉटनेटमध्ये 'आयडीएक्स१०२१४, ऑडियन्स व्हॅलिडेशन फेल्ड' अशी एरर येते. कोणीतरी सुचवतं, 'व्हॅलिडेट-ऑडियन्स फॉल्स कर', म्हणजे ऑड तपासणंच बंद कर. केलं, २०० (सगळं ठीक) आला, तिकीट बंद. जावाच्या स्प्रिंगमध्ये तर एवढंही करावं लागत नाही. कॉन्फिगमध्ये फक्त इश्युअरचा पत्ता दिला की ऑड तपासलाच जात नाही, तो वेगळा सांगावा लागतो. ती एरर तुम्हाला नेमकं सांगत होती की हे टोकन दुसऱ्याचं आहे. तिचं तोंड बंद करून काम पुढे नेणं मला अजिबात मान्य नाही.

याने बिघडतं काय, हे आपल्या सोसायटीच्याच ॲपवर बघू. त्याच लॉगिनवर दुसऱ्या कंत्राटदाराचा 'नोटीस-बोर्ड' एपीआय चालतो. रहिवासी त्याला जे टोकन देतो ते त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये पडलं, किंवा तिथल्या कोणी मुद्दाम उचललं. मेंटेनन्स-एपीआय ऑड बघत नसेल, तर तेच टोकन घेऊन तो माणूस रहिवाशाच्या नावाने पावत्या काढू शकतो. आयडी टोकनाच्या बाबतीत तर एक जास्तीची भानगड आहे. ओपनआयडी कनेक्टच्या लॉगआउटमध्ये ते 'आयडी टोकन हिंट' म्हणून यूआरएलमधून पाठवायची पद्धत आहे. म्हणजे ते ब्राउझरच्या हिस्टरीत, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये राहू शकतं. जे टोकन यूआरएलमध्ये फिरणार हे गृहीतच आहे, ते एपीआयची चावी म्हणून चालवायचं?

काहीजण म्हणतात, 'आम्ही ऑड तपासतो, फक्त तिथे सोसायटी-वेब लिहिलंय'. हेही नको. आयडी टोकनात स्कोप नसतो, त्यामुळे 'याला पावत्या बघू दे, पण रद्द करू देऊ नको' हे टोकनावरून ठरवता येत नाही. उद्या मोबाइल ॲप आलं की त्याचा क्लायंट आयडी वेगळा, मग एपीआयच्या यादीत तोही घाला. नाव, ईमेल प्रत्येक रिक्वेस्टबरोबर विनाकारण फिरतात. आणि मुदत संपल्यावर पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मागायचं रिफ्रेश टोकन वापरल्यावर नवं ॲक्सेस टोकन येतंच, नवं आयडी टोकन मात्र येईलच असं नाही. तासाभराने वापरकर्ते अचानक बाहेर फेकले जातात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उलटा घोळही तितकाच जुना आणि जास्त धोकादायक आहे. मोबाइल ॲप ॲक्सेस टोकन आपल्या बॅकएंडला पाठवतं, बॅकएंड ते घेऊन प्रोव्हायडरकडून प्रोफाइल मागवतो आणि प्रोफाइल आलं म्हणजे तोच माणूस समोर आहे असं धरून आत घेतो. आता एखादं फालतू गेमचं ॲप बनवून कोणी तुमच्या वापरकर्त्याकडून तसलंच टोकन मिळवलं आणि तुमच्या बॅकएंडला दिलं, तर प्रोफाइल बरोबरच येणार, आणि गेमवाला तुमच्या वापरकर्त्याच्या खात्यात शिरणार. ओपनआयडी कनेक्टमध्ये आयडी टोकनावर ऑडचं बंधन घातलंय ते अशाच गोष्टींसाठी.

इथे एक रास्त अपवाद सांगायला हवा, कारण गोंधळाचं मूळ काहीजणांच्या बाबतीत तिथेच असतं. अँड्रॉइड ॲपमध्ये गूगल साइन-इन करून आयडी टोकन स्वतःच्या बॅकएंडला पाठवा, असं गूगलच सांगतं. ते बरोबर आहे. कारण तिथे ऑडमध्ये तुमच्या बॅकएंडचाच क्लायंट आयडी असतो, आणि ते पाठवायचं फक्त लॉगिनच्या वेळी. बॅकएंडने ते तपासून स्वतःचं सेशन किंवा स्वतःचं टोकन द्यायचं. पुढच्या सगळ्या रिक्वेस्ट त्यावर. तेच गूगलचं टोकन प्रत्येक कॉलला चिकटवत राहायचं नाही.

बाकीचे फरक फार डोकं खपवण्यासारखे नाहीत. टोकनच नसेल किंवा खोटं असेल तर ४०१, टोकन खरं पण परवानगी नसेल तर ४०३. जेडब्ल्यूटी सही केलेलं असतं, कुलूपबंद नसतं. आत पासवर्ड किंवा आधार क्रमांक घालू नका. चालू प्रॉडक्शनचं टोकन कुठल्याही वेबसाइटवर पेस्ट करून डीकोड करायची सवय मोडा, ते काम टर्मिनलवरही होतं. ॲक्सेस टोकनाची मुदत मी १०-१५ मिनिटांच्या वर जाऊ देत नाही, आणि सही पडताळायचा कोड हाताने लिहू देत नाही; फ्रेमवर्कची लायब्ररी आहे, ती वापरा.

प्रोव्हायडर पाळत असेल तर आणखी एक चांगली सोय आहे. २०२१ च्या आरएफसी ९०६८ या मानकाप्रमाणे जेडब्ल्यूटी ॲक्सेस टोकनाच्या हेडरमध्ये 'टाइप' या जागी 'एटी अधिक जेडब्ल्यूटी' असं लिहिलेलं असतं. एपीआयने ते तपासलं की आयडी टोकन दारातच अडतं. डॉटनेटमध्ये 'व्हॅलिड-टाइप्स' भरलं की झालं. सगळे प्रोव्हायडर हे पाळत नाहीत, त्यामुळे ऑड तरीही तपासावाच लागतो.

तुमचा एपीआय कुठे उभा आहे हे आजच बघता येईल. एपीआयला हाताने कॉल करून बघायचं पोस्टमन उघडा, स्वतःच्याच लॉगिनचं आयडी टोकन ऑथरायझेशन हेडरमध्ये 'बेअरर' या शब्दाच्या पुढे चिकटवा आणि एखादा साधा गेट कॉल मारा. ४०१ आला पाहिजे. मग त्याच प्रोव्हायडरकडून दुसऱ्या एपीआयसाठी घेतलेलं ॲक्सेस टोकन लावा, तिथेही ४०१. या दोन टेस्ट सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत, कायमच्या टाका, म्हणजे पुढच्या वेळी कोणी घाईत 'व्हॅलिडेट-ऑडियन्स फॉल्स' केलं की बिल्ड लाल होईल.